पैलवानाच्या खांद्यावरची पांढरी रेघ

काळा पडदा, काळे केस, सावळा वर्ण आणि समोर एकच सॉफ्टबॉक्स, म्हणजे पांढऱ्या कापडातून मऊ उजेड देणारा दिवा. कोल्हापूरच्या तालमीतल्या पैलवानाचा फोटो एवढ्यावरच काढला, तर चेहरा आणि छाती चांगली येते, पण केस पडद्यात विरघळतात. खांद्याचा गोलावा कुठे संपतो ते कळत नाही आणि जोर-बैठका मारून कमावलेली मान पडद्याला चिकटल्यासारखी दिसते. उपाय सगळ्या स्टुडिओंना ठाऊक आहे. मागून, जरा बाजूने एक दिवा लावायचा, म्हणजे अंगाच्या कडेवर उजळ रेघ उमटते. हाच रिम लाइट. प्रभात फिल्म कंपनी १९२९ साली कोल्हापुरात सुरू झाली तेव्हा पडद्यावर रंग नव्हतेच. काळे केस आणि गडद भिंत दोन्ही एकाच करड्या छटेचे, त्यामुळे त्या काळच्या प्रकाशयोजनेत मागचा दिवा हा चैनीचा भाग नव्हता.

दिवा लावणे सोपे आहे. अडते ते पुढे. मागचा दिवा समोरच्यापेक्षा कमी ताकदीवर असूनही रेघ भगभगीत पांढरी येते, कान लाल होतात, फोटोवर धुके पसरते. या बहुतेक तक्रारींचे मूळ एकच आहे: घासून जाणारा प्रकाश सरळ पडणाऱ्या प्रकाशासारखा वागत नाही.

संध्याकाळी कोल्हापूरच्या रंकाळा तलावाच्या काठावर उभे राहून पायाजवळचे पाणी पाहा. आतला गाळ, शेवाळ दिसते. नजर पलीकडच्या काठाकडे न्या, तेच पाणी चंदेरी होते. सरळ पडलेल्या प्रकाशापैकी जेमतेम २ टक्के पाण्याच्या पृष्ठभागावरून परततो, बाकीचा आत शिरतो. प्रकाश जितका तिरपा, तितका परतणारा वाटा मोठा. हा वाटा किती, याचे गणित फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ ऑगस्टिन फ्रेनेल याने एकोणिसाव्या शतकात मांडले. त्वचेला तेच गणित लागू पडते. त्वचेचा अपवर्तनांक, म्हणजे आत शिरताना प्रकाश किती वळतो ते सांगणारा आकडा, साधारण १.४ धरला, तर सरळ पडलेल्या प्रकाशातला सुमारे ३ टक्के पृष्ठभागावरूनच परततो.

आता स्टुडिओत या. कॅमेरा, माणूस आणि दिवा यांच्यातला कोन मोजायचा: दिवा कॅमेऱ्याजवळ असेल तर शून्य अंश, माणसाच्या बरोबर मागे असेल तर १८० अंश. चकाकी कॅमेऱ्याकडे येते ती त्वचेच्या अशा जागेवरून, जिथे प्रकाश या कोनाच्या निम्म्या तिरपेपणाने पडतो. दिवा अगदी बाजूला, म्हणजे ९० अंशांवर असेल, तर प्रकाश ४५ अंशांनी पडतो आणि जवळपास ४ टक्के परततो. दिवा १३५ अंशांवर नेला की १२ टक्के. १५० अंशांवर २३ टक्के आणि १६० वर तर ३७ टक्के. म्हणजे बाजूचा दिवा उचलून १५० अंशांपर्यंत मागे नेला, पॉवरच्या बटणाला हातही लावला नाही, तरी चकाकी जवळपास सहापट होते. फोटोग्राफीच्या भाषेत अडीच स्टॉप; एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा. दिवा मागे सरकवल्यावर पॉवर खाली आणावी लागते ती यामुळे.

यातून आणखी एक गोष्ट निघते. ही चकाकी त्वचेच्या वरच्या थरावरूनच परतते, आत शिरून रंगद्रव्याला भेटत नाही. म्हणून तिचा रंग दिव्याचा असतो, त्वचेचा नव्हे. गोऱ्या आणि सावळ्या माणसाच्या कडेवरची चकाकी जवळपास सारखीच असते, पण सावळ्या वर्णावर आजूबाजूचा भाग गडद असल्याने रेघ जास्त उठून दिसते. सावळ्या माणसाला जास्त लाइट लागतो, हे वाक्य समोरच्या दिव्याबाबत काही अंशी खरे असेल, रिमच्या बाबतीत ते चुकीचे आहे.

मांडणी १० बाय १६ फुटांच्या गाळ्यात बसते. माणसाला पडद्यापासून ६ फूट पुढे उभे करा आणि त्याच्या पायाशी जमिनीवर टेप चिकटवा. कॅमेरा समोर ७ फुटांवर. फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्याला ८५ मिमी लेन्स, क्रॉप (लहान) सेन्सरला ५० मिमी. कमरेपासून वरचा उभा फोटो यात येतो. रिमचा स्टँड माणसाच्या मागे साडेतीन फूट आणि बाजूला दोन फूट ठेवला की कोन १५० अंशांचा होतो. मागे तीन आणि बाजूला तीन ठेवला तर १३५. कोनमापकाची गरज नाही, मेजरिंग टेप पुरते. १५० अंशांच्या जागेवर एक फूट रुंद स्ट्रिप बॉक्स, म्हणजे लांब अरुंद सॉफ्टबॉक्स, फ्रेमच्या जेमतेम बाहेर राहतो. फुल फ्रेमवर ५० मिमी लावून जवळ गेलात, तर तो फोटोत दिसणारच.

स्ट्रिप बॉक्स उभा लावायचा, वरचे टोक डोक्यापेक्षा अर्धा फूट उंच. त्यावर ग्रिड, म्हणजे प्रकाश बाजूला पसरू न देणारी जाळी, हवीच. ग्रिड नसेल तर कॅमेऱ्याच्या बाजूला काळ्या कार्डबोर्डचा दोन बाय तीन फुटांचा तुकडा दुसऱ्या स्टँडला क्लिपने अडकवा. स्टँडच्या पायावर वाळूची पिशवी ठेवायला विसरू नका. उंच स्ट्रिप बॉक्स नुसत्या धक्क्याने माणसाच्या पाठीवर येतो. जुन्या पेठांमधल्या अरुंद गाळ्यांत पांढऱ्या भिंती प्रकाश परत फेकतात आणि सावलीची बाजू राखाडी होते. त्या भिंतीवर काळे कापड सोडा.

दिवे एकावेळी एकच सुरू करून पाहायचे, आणि सुरुवात रिमपासून. समोरचा दिवा बंद ठेवून एक फोटो काढा. काळ्या चौकटीत फक्त रेघ दिसली पाहिजे: केस, कानाची कड, मान, खांदा, दंड. नाकाच्या शेंड्यावर किंवा गालाच्या मधोमध उजेडाचा ठिपका दिसला, तर दिवा जास्त पुढे आला आहे किंवा माणसाने मान दिव्याकडे वळवली आहे. नाकावरचा तो ठिपका नंतर ‘की लाइट’ (समोरचा मुख्य दिवा) लावला तरी लपत नाही. दिवा अर्धा फूट मागे न्या.

मग की लाइट. आयएसओ १००, शटर १/१२५, की लाइट मीटरवर एफ/८ दाखवील असा. रिमसाठी लाइट मीटर (प्रकाश मोजणारे हातातले यंत्र) कानाजवळ धरून मागच्या दिव्याकडे रोखायचा. सुरुवात एफ/५.६ पासून करा, म्हणजे कीपेक्षा एक स्टॉप कमी. हातातला मीटर पडणारा प्रकाश मोजतो, त्यातला किती परततो हे त्याला कळत नाही. म्हणून मीटरवर कमी असलेला रिम फोटोत जास्त दिसतो. टक्कल असेल तर दोन स्टॉप कमी. काळा मखमली कोट असेल तर मात्र कीच्या बरोबरीने, कारण मखमलीचे तंतू चकाकी फारशी उठू देत नाहीत. अखेरचा निवाडा कॅमेऱ्यातल्या हायलाइट सूचनेचा; जळून पांढरा झालेला भाग ती लुकलुकवून दाखवते. केसांवर थोडे लुकलुकले तर चालते, कपाळाच्या कडेवर किंवा गालावर नको.

अंतराबद्दल एक गैरसमज पक्का बसलेला आहे. अंतर दुप्पट केले की प्रकाश चौथाई होतो, हा नियम मॅट (न चमकणाऱ्या) पृष्ठभागावर पडणाऱ्या प्रकाशाला लागू आहे. तकतकीत त्वचेवरची रेघ म्हणजे दिव्याचे प्रतिबिंब. स्ट्रिप बॉक्स चार फुटांवरून आठ फुटांवर नेला, तर ते प्रतिबिंब अरुंद होते, फारसे मंद होत नाही. जळालेली रेघ दिवा लांब नेऊन सुधारत नाही, नुसती बारीक होते. पॉवर कमी करा, किंवा तोच प्रकाश मोठ्या पृष्ठभागावर पसरवा. दिव्याला बसणाऱ्या १८ सेमी व्यासाच्या साध्या रिफ्लेक्टरचे (धातूच्या वाटीचे) तोंड सुमारे २५० चौरस सेमी असते, ३० बाय १२० सेमी स्ट्रिप बॉक्सचे ३,६०० चौरस सेमी. चौदापट फरक. घामेजलेल्या मानेवर उघडा रिफ्लेक्टर पांढरे ओरखडे का ओढतो, ते यात आले.

पैलवानाच्या अंगाला तेल असते तेव्हा हे सगळे टोकाला जाते. तेल त्वचेच्या बारीक सुरकुत्या भरून पृष्ठभाग गुळगुळीत करते, चकाकी पसरण्याऐवजी एका जागी गोळा होते. प्रत्येक स्नायूवर वेगळी रेघ हवी असेल तर तेल बरे, पण थेंबभर तळहातावर घेऊन चोळायचे, ओघळता कामा नये, आणि रिम आणखी एक स्टॉप खाली. लाल मातीचे उलट आहे. माती लागलेला भाग मॅट होतो, तिथे चकाकी मरते आणि मातीचा स्वतःचा तांबूस रंग रुंद पट्ट्यात उजळतो. एका खांद्यावर तेल आणि दुसऱ्यावर माती ठेवून दोन्हीकडून सारखा रिम दिला, तर दोन बाजू दोन वेगळ्या माणसांच्या वाटतात. मातीच्या बाजूचा दिवा एक स्टॉप वाढवावा लागतो. तसेही दोन्ही बाजूंना अगदी समान रिम देण्याची सध्याची हौस बरी नाही. चेहरा दोन पट्ट्यांत दाबल्यासारखा दिसतो.

केसांचे शास्त्र निराळे. केसाचा अपवर्तनांक सुमारे १.५५, म्हणजे त्वचेपेक्षा जास्त, आणि त्याच्यावर टोकाकडे झुकलेले सूक्ष्म खवले असतात. काळ्या केसात शिरलेला प्रकाश आतल्या मेलॅनिनमध्ये शोषला जातो, म्हणून कडेवर दिसते ती फक्त वरची चकाकी, पांढरी किंवा दिव्याच्या रंगाची. पिकलेल्या केसात शोषणारे काही उरत नाही. मागून आलेला प्रकाश त्यांच्यातून आरपार पुढे येतो आणि आजोबांच्या डोक्याभोवती वलय पेटते. नातू आणि आजोबा एका फ्रेममध्ये असतील, तर रिम आजोबांच्या केसांवर ठरवायचा, नातवाच्या नाही. उडते केस समोरच्या प्रकाशात दिसत नाहीत, रिममध्ये एकेक केस तारेसारखा चमकतो. कंगव्याला खोबरेल तेलाचे बोट लावून वरवर फिरवले की बहुतेक बसतात. गालावरची लवही अशीच उजळते. तिच्यावर पावडर थापली तर कण लवेला चिकटून ती आणखी दिसते, म्हणून कडेच्या गालाला पावडर अगदी कमी.

फेटा बांधलेला असेल तर काम सोपे होते आणि अवघडही. सुती फेट्याच्या तुऱ्यातून प्रकाश आरपार येतो, त्यामुळे मागच्या दिव्याने तुरा स्वतःच्या रंगात उजळतो. यासाठी रिम थोडा उंच घ्यायचा. जरीची किनार मात्र धातूसारखी वागते. तिच्यावर एक-दोन ठिपके जळणारच, ते सोडून द्यावेत. फेटा कानावरून गेला असेल तर लाल कानाचा प्रश्न मिटतो. कानाची पाळी पातळ असते, मागून आलेला प्रकाश तिच्यातून जाताना रक्तातले हिमोग्लोबिन निळा-हिरवा भाग शोषते आणि लाल तेवढा पुढे येतो. फेटा नसेल तर दिवा १५० वरून १३५ अंशांकडे आणा, किंवा कानामागे काळ्या टेपचा छोटा तुकडा लावा. केसांखाली तो दिसत नाही.

फोटोवर धुके आले तर दोष लेन्समध्ये शिरणाऱ्या प्रकाशाचा. लेन्सच्या पुढच्या काचेवर रिमचा उजेड पडतो का, हे पाहायला मॉडेलिंग लाइट (फ्लॅशमधला सतत जळणारा छोटा दिवा) सुरू ठेवून काचेकडे बाजूने बघा. काच उजळलेली दिसली तर हूड लावा, कार्डबोर्ड सरकवा. स्वस्त यूव्ही फिल्टर काढून ठेवा. विनाकोटिंगच्या काचेचा प्रत्येक पृष्ठभाग ४ टक्के प्रकाश परत फेकतो आणि फिल्टर म्हणजे असे आणखी दोन पृष्ठभाग. कोल्हापूरच्या पावसाळ्यात दुसरे कारण जास्त संभवते. जून ते सप्टेंबर हवा इतकी दमट असते की कपाटात ठेवलेल्या लेन्समध्ये बुरशी धरते. समोरून प्रकाश असताना तिचा पत्ता लागत नाही, रिम सुरू केला की काळा पडदा राखाडी होतो. लेन्समधून आरपार टॉर्च मारली की जाळे दिसते. हवाबंद डबा, त्यात सिलिका जेल आणि आर्द्रता मोजणारा छोटा काटा. तो ४० ते ५० टक्क्यांवर राहिला पाहिजे.

फ्लॅश परवडत नसेल तर चार फुटी एलईडी ट्यूबही रिम म्हणून चालते. २० वॅटची ट्यूब दीड मीटरवर आयएसओ ८००, एफ/२.८, १/१०० ला साधारण पुरेसा प्रकाश देते. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून स्वस्त ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. शटर १/५० किंवा १/१०० ठेवले नाही तर फोटोत पट्टे येतात. समोरचा दिवा आणि ट्यूब एकाच रंगतापमानाचे, म्हणजे सारख्याच पिवळट किंवा निळसर उजेडाचे घ्या. मावळतीची ऊब मुद्दाम हवी असेल तर रिमवर अर्धा सीटीओ जेल (उजेड नारिंगी करणारा पारदर्शक कागद) लावा आणि अर्धा स्टॉप वाढवा, कारण तेवढा प्रकाश जेल गिळते.

छपाईच्या आधी फाइलमध्ये रेघेची मूल्ये पाहा. जिथे लाल, हिरवा, निळा हे तिन्ही चॅनेल २५५ (कमाल मूल्य) आहेत तिथे प्रिंटवर शाई पडत नाही, कागदच दिसतो, आणि मॅट लॅमिनेशनखाली तो भाग खडू फासल्यासारखा वाटतो. त्वचेवरची रेघ २४० ते २४५ पर्यंत थांबवलेली बरी. केसांच्या टोकांना ही सक्ती नाही.