सायलेन्सर झडपेचं काम करतो तेव्हा

पेट्रोल पंपावर 'ऑइल किती टाकू?' हा प्रश्न ज्यांनी ऐकलाय, त्यांना टू-स्ट्रोक इंजिनाची ओळख नव्याने करून द्यायला नको. येझदी, राजदूत, बजाजची जुनी स्कूटर यांच्या टाकीत पेट्रोलबरोबर तेलही जायचं, आणि गाडी कोपऱ्यावरून दिसेनाशी झाली तरी तो वास गल्लीत रेंगाळायचा. (आरएक्स हंड्रेडवाले लगेच दुरुस्ती करतील: आमच्या गाडीला तेलाची वेगळी टाकी होती. बरोबर आहे.) प्रदूषणाच्या नियमांनी ही इंजिनं रस्त्यावरून घालवली. मातीच्या ट्रॅकवरची शर्यत म्हणजे मोटोक्रॉस, आणि डोंगर-जंगलातली लांब पल्ल्याची म्हणजे एन्ड्युरो; त्यांच्या गाड्यांत, म्हणजे डर्ट बाइकमध्ये, मात्र ती आजही नवी कोरी मिळतात. त्यामुळे डर्ट बाइक घ्यायला निघालेल्याला पहिला पेच पडतो तो हाच, टू-स्ट्रोक की फोर-स्ट्रोक?

सल्ला देणारे बहुतेक जण अश्वशक्तीपासून सुरुवात करतात. मी सायलेन्सरपासून करतो.

फोर-स्ट्रोकमध्ये पेट्रोल-हवेचं मिश्रण आत घेणं, दाबणं, पेटवणं आणि धूर बाहेर टाकणं ही चार कामं क्रँकच्या (पिस्टन ज्याला फिरवतो त्या दांड्याच्या) दोन फेऱ्यांत होतात, आणि दारं उघडायला-मिटायला कॅमवर, म्हणजे उंचवटे असलेल्या फिरत्या दांड्यावर, चालणाऱ्या झडपा असतात. टू-स्ट्रोकमध्ये क्रँकच्या प्रत्येक फेरीला एक स्फोट होतो. डोक्यावर झडपा नाहीतच. सिलिंडरच्या भिंतीला भोकं असतात, मेकॅनिकच्या भाषेत पोर्ट, आणि पिस्टनच वर-खाली होताना ती झाकतो आणि उघडतो. रचना फारच सुटसुटीत, पण तिच्यात एक खोट आहे. पिस्टन वर येताना ताजं मिश्रण आत सोडणारी भोकं आधी मिटतात आणि धुराचं भोक शेवटी. मधल्या वेळात नुकतंच आत आलेलं पेट्रोल न जळताच धुराच्या वाटेने निसटू शकतं. निळ्या धुराची आणि कमी मायलेजची अर्धी गोष्ट इथेच आहे.

या निसटत्या पेट्रोलला परत आत ढकलायचं काम सायलेन्सरकडे आलं. टू-स्ट्रोक डर्ट बाइकचा पाइप मध्येच दुधी भोपळ्यासारखा फुगलेला असतो, तो दिसायला छान दिसावा म्हणून नव्हे. धुराचं भोक उघडताच दाबाची एक लाट पाइपात धावते. पाइप रुंदावतो तिथून शोषणारी लाट उलटी फिरते आणि सिलिंडरमधला उरलासुरला धूर ओढून घेते. पुढे पाइप निमुळता होतो तिथे आपटून दाबाची लाट परत येते आणि बाहेर पडू पाहणारं ताजं मिश्रण आत लोटते, अगदी भोक मिटायच्या क्षणी.

हिशेब करून पाहू. इंजिन मिनिटाला 8000 फेरे घेत असेल तर एका फेरीला साडेसात मिलिसेकंद लागतात. धुराचं भोक त्यातला साधारण अर्धा वेळ, म्हणजे सुमारे 4 मिलिसेकंद उघडं असतं. तापलेल्या धुरात ध्वनीचा वेग सेकंदाला 500 मीटरच्या आसपास. तेवढ्या वेळात लाट 2 मीटर धावेल. जाऊन-येऊन म्हटलं तर पाइप मीटरभराचा हवा. आणि तो साधारण तेवढाच असतो! या पाइपची लांबी खरं तर घड्याळाने मोजलेली असते.

टू-स्ट्रोकचा सुप्रसिद्ध 'पिकअप'ही यातूनच येतो. लाटेचा वेग फारसा बदलत नाही, इंजिनाचा मात्र सतत बदलतो. दोघांची वेळ जुळेपर्यंत गाडी मरगळलेली, आणि जुळली की हात खांद्यातून निखळतील अशी झेप. हा धक्का थोडा सौम्य व्हावा म्हणून आता पॉवर व्हॉल्व्ह असतो, जो कमी वेगाला धुराच्या भोकाची उंची कमी करतो.

पाइपची ही विद्या पूर्व जर्मनीतल्या एमझेड कारखान्यात वॉल्टर काडेन या अभियंत्याने परिपूर्ण केली. 1961 मध्ये त्याचं 125 सीसीचं इंजिन सुमारे 25 अश्वशक्ती देत होतं, म्हणजे लिटरमागे 200. त्याच वर्षी त्याचा स्वार एर्न्स्ट डेगनर स्वीडनमधल्या शर्यतीनंतर पश्चिमेकडे पळाला आणि ती विद्या घेऊन सुझुकीत दाखल झाला. पुढच्याच वर्षी सुझुकीने 50 सीसीचं जगज्जेतेपद जिंकलं. एका पाइपाने शीतयुद्धाची सीमा ओलांडली ती अशी.

मग मोटोक्रॉसमध्ये फोर-स्ट्रोक वरचढ कसे झाले? 1997 मध्ये लास व्हेगासच्या सुपरक्रॉसमध्ये (स्टेडियममधल्या मोटोक्रॉसमध्ये) डग हेन्री या स्वाराने यामाहाची प्रायोगिक 400 सीसी फोर-स्ट्रोक पहिली आणली, आणि वारं फिरलं. पण एक बारकावा नेहमी विसरला जातो: नियमच असे झाले की 250 च्या टू-स्ट्रोकसमोर 450 ची फोर-स्ट्रोक उभी राहते आणि 125 समोर 250 ची. जवळपास दुप्पट सीसी देऊन मग फोर-स्ट्रोक जोरदार म्हणायचं, हे मला पटत नाही.

तिची खरी ताकद वेगळीच आहे. तिचा जोर खालपासून वरपर्यंत सलग मिळतो, त्यामुळे भुसभुशीत मातीत मागचं चाक उगाच भिरभिरत नाही. मूठ सोडली की इंजिनही ब्रेकसारखं धरतं. नवख्याला यानेच धीर येतो. पण वजन उचलून पाहा. 125 ची टू-स्ट्रोक मोटोक्रॉस गाडी 95 किलोच्या आसपास असते, तिच्याच वर्गातली 250 फोर-स्ट्रोक दहाएक किलो जास्त. दहा किलो म्हणजे काही फार नव्हे, पण सहाव्यांदा पडलेली गाडी उभी करताना कळतं. ऑस्ट्रियातल्या एर्झबर्गच्या लोहखाणीत दगडांच्या उभ्या चढावर जी शर्यत होते, तिथे 300 सीसीच्या टू-स्ट्रोकचाच दबदबा राहिला आहे. आणि गंमत म्हणजे या 300 च्या गाड्या झेप घेणाऱ्या नसतातच. अगदी कमी वेगालाही त्या मुकाट चढतात. 'टू-स्ट्रोक म्हणजे पिसाळलेली' हे 125 वरून बनलेलं मत आहे.

खर्चाचं थोडक्यात: टू-स्ट्रोकचा पिस्टन आणि रिंगा लवकर बदलाव्या लागतात, पण हात बसला असेल तर ते हाफ इंजिनचं काम घरी एका दुपारचं. फोर-स्ट्रोक जास्त टिकते. मात्र टॅपेट, म्हणजे झडपांजवळची बारीक फट, वेळेवर तपासले नाहीत आणि झडप पिस्टनवर आपटली, तर बिल बघून बसायला खुर्ची लागते. आणि अशा स्पर्धेच्या गाड्यांना आपल्याकडे सहसा नंबर प्लेट मिळत नाही, तेव्हा टेम्पोचं भाडंही हिशेबात धरा.

टू-स्ट्रोक घेतलीत तर उताराची एक सवय मात्र आधी लावून घ्या. तिच्या क्रँकला तेल मिळतं ते पेट्रोलमधूनच. लांब उतारावर मूठ पूर्ण बंद ठेवलीत तर पेट्रोल आटतं, म्हणजे तेलही आटतं, आणि इंजिन मात्र चाकाच्या जोरावर फिरतच राहतं. म्हणून जुने स्वार उतरताना मधूनमधून क्लच दाबून उगाच रेस देतात. बाजूने जाणाऱ्याला वाटतं, पोरगा मस्ती करतोय.