नाना वाडा, नाना पेठ, नाना चौक: नाना कोणते?

पुण्यात शनिवारवाड्यालगतचा नाना वाडा नानासाहेब पेशव्यांचा नव्हे. पेशवे १७६१ मध्ये, पानिपतानंतर काही महिन्यांतच पर्वतीवर वारले. वाडा उभा राहिला १७८० च्या सुमारास, बाळाजी जनार्दन भानू म्हणजे नाना फडणवीसांसाठी. दोघेही बाळाजी, दोघेही नाना. त्यात भर १८५७ च्या धोंडोपंतांची, दुसऱ्या बाजीरावांच्या दत्तक पुत्राची; त्यांनाही लोक नानासाहेबच म्हणत. कानपूरचा नानाराव पार्क या धोंडोपंतांच्या नावाचा, पुण्यातली नाना पेठ फडणवीसांच्या.

वाईजवळ मेणवलीला फडणवीसांचा आणखी एक वाडा आहे. मागच्या बाजूने कृष्णेचा घाट, घाटावर मंदिरे आणि १७०७ साल कोरलेली एक पोर्तुगीज घंटा. ती वसईच्या मोहिमेतली लूट मानतात. पण वसई पडली १७३९ मध्ये आणि फडणवीस जन्मले १७४२ मध्ये. घंटा नानांनी जिंकून आणली असे कुणी सांगू लागले, तर हे एवढे हिशेबात धरावे.

मुंबईचे नाना वेगळेच: जगन्नाथ शंकरशेट, जन्म १८०३, वाडा गिरगावात. ग्रँट रोडजवळचा नाना चौक त्यांच्याच नावाचा आणि त्याबद्दल कुणाची तक्रार नाही. वाद आहे तो मुंबई सेंट्रलचा. स्थानकाला त्यांचे नाव द्यावे ही मागणी जुनी. राज्य मंत्रिमंडळाने मंजुरी दिली, पण स्थानकाचे नाव बदलायला केंद्राची संमती लागते आणि गाडी तिथे अडली. मागणी करणारे सांगतात की रेल्वे आणण्यात नानांचा वाटा मोठा. ते खरेच आहे: १८४५ पासून ते त्या खटपटीत होते आणि १६ एप्रिल १८५३ च्या पहिल्या गाडीत प्रवासीही होते. मात्र ती गाडी सुटली बोरीबंदरहून. मुंबई सेंट्रल बांधले १९३० मध्ये, नाना जाऊन ६५ वर्षे झाल्यावर, तेही दुसऱ्याच रेल्वे कंपनीने. इतिहासाच्या अंगाने बोरीबंदरचा हक्क आधीचा. तिथल्या इमारतीच्या दर्शनी भागावर नानांची शिल्पाकृतीही आहे. पण त्या स्थानकाला १९९६ मध्ये शिवछत्रपतींचे नाव मिळाले आणि तो विषय तिथेच मिटला. उरते ते गिरगाव आणि नाना चौकाचे सान्निध्य. माझ्या मते मुंबई सेंट्रलसाठी हेच कारण रेल्वेच्या कारणापेक्षा भक्कम आहे, पण निवेदनांत पुढे केले जाते ते दुसरे.

मधल्या काळात पुण्याच्या नाना वाड्यात इंग्रजी अमदानीत दगडी इमारत आली आणि पुढे बरीच वर्षे तिथे शाळा भरल्या. पेशवाईचा खरा ऐवज आतल्या लाकडी भागात आहे, कोरीव खांबांच्या दिवाणखान्यात. डागडुजीत दोन्ही भाग ठेवले गेले. केवळ पेशवाईचे ठेवून बाकी काढावे असा आग्रह धरणारे आहेतच. तसे केले असते तर शाळांचा शंभरेक वर्षांचा वापर पुसला गेला असता.