गरोदरपणातला व्यायाम : मुसळापासून दीडशे मिनिटांपर्यंत

सातवा लागला की घरात एक सल्ला हमखास मिळतो : 'आता खाली बसून फरशी पुसत जा, बाळंतपण सोपं जाईल.' पाठोपाठ दाखले येतात. आजी पहाटे उठून जात्यावर दळायची, विहिरीवरून पाणी आणायची, शेतात कळा सुरू झाल्या तर तिथेच मोकळी व्हायची. या बोलण्यात थोडं तथ्य आहे आणि एक मोठी गफलत आहे. कष्ट आणि व्यायाम त्यात एकच धरले जातात. ही गफलत फार जुनी आहे, पण ती ओळखणारी माणसंही तितकीच जुनी आहेत.

चरकसंहितेच्या शारीरस्थानात, आठव्या अध्यायात, बाळंतिणीच्या खोलीतला एक वाद नोंदवलेला आहे. कळा येताहेत, बाई थकली आहे, पण सुटका होत नाही. काही आचार्य म्हणतात, तिला उठवा, हातात मुसळ द्या, धान्याने भरलेलं उखळ कांडायला लावा, मध्येमध्ये जांभया द्यायला आणि फेऱ्या मारायला सांगा. संहितेतले गुरू आत्रेय याला साफ नकार देतात. गर्भिणीने दारुण व्यायाम टाळावा असं आपण एरवी सतत सांगतो, मग ऐन प्रसूतीच्या वेळी, सगळे दोष आणि धातू ढवळलेले असताना, मुसळ कसं देता? त्या श्रमाने वायू खवळेल आणि तिच्या जिवावर बेतेल. म्हणून मुसळ नको. जांभई देणं आणि चालणं मात्र चालू राहू द्या.

हा उतारा मी कितीदा तरी वाचला आहे आणि दर वेळी थबकते. सरसकट 'हलू नको' नाही, सरसकट 'राब' नाही. एकाच सल्ल्यातलं घातक ते काढलं आणि उपयोगी ते ठेवलं. तिकडे ग्रीसमध्ये ॲरिस्टॉटलनेही गर्भवतींनी आळसावून बसू नये, रोज चालत प्रसूतीच्या देवतांच्या पूजेला जावं, असं लिहून ठेवलं आहे.

आधुनिक काळात हा विषय पुन्हा ऐरणीवर आला त्यात हिंदुस्थानचा वाटा आहे. कॅथलीन व्हॉन ही ब्रिटिश डॉक्टर काश्मीरमध्ये काम करत होती. तिथे तिला दोन तऱ्हेच्या बाया दिसल्या. पडद्यात, अंधाऱ्या घरांत आयुष्य काढणाऱ्यांची हाडं ऊन न मिळाल्याने मऊ पडायची, कमरेच्या हाडांचं कडं चेपलं जायचं आणि बाळ अडायचं. होड्यांवर आणि शेतात वावरणाऱ्या बायांची बाळंतपणं त्या मानाने सुखरूप व्हायची. 1920च्या दशकात तिने यावर लिहिलं आणि पुढे इंग्लंडमध्ये उकिडवं बसणं, सांधे मोकळे ठेवणं यांचा हिरिरीने प्रचार केला. मला वाटतं, तिच्या निरीक्षणातली खरी किल्ली उन्हात होती. होडीवरच्या बाईला तिच्या कष्टांपेक्षा उन्हाने वाचवलं.

कष्टांनी काय होतं हे त्याच दशकात मुंबईत दिसत होतं. गिरण्यांत बाया दिवस भरत आले तरी उभ्याने काम करत होत्या, कारण खाडा म्हणजे पगार बुडाला. जुलै 1928 मध्ये मुंबईच्या विधिमंडळात प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा देताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुद्दा मांडला तो असा, की बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं हे देशाच्या हिताचं आहे. 1929 मध्ये कायदा झाला. आणि 'पूर्वी सगळं सहज व्हायचं' म्हणणाऱ्यांनी देशाच्या आरोग्यव्यवस्थेची पाहणी करणाऱ्या भोर समितीचा 1946चा अहवाल आठवावा : दर हजार बाळंतपणांमागे सुमारे 20, म्हणजे लाखामागे 2,000 मातांचा मृत्यू, असा तिचा अंदाज होता. 2018–20 मध्ये महाराष्ट्रातलं प्रमाण लाखामागे 33 होतं. जात्यावर दळणाऱ्या ज्या आज्या बाळंतपणातून उठल्याच नाहीत, त्यांची गोष्ट सांगायला घरात कुणी उरलं नाही.

पाश्चात्त्य देशांत 1930च्या दशकापासून प्रसूतीपूर्व व्यायामाचे वर्ग रुजू लागले. लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात मिनी रँडेल बायकांकडून व्यायाम करून घेत. डॉ. ग्रँटली डिक-रीड यांनी भीती, ताण आणि वेदना यांची साखळी मांडली आणि श्वास, शिथिलीकरण यांवर भर दिला. तरीही डॉक्टरांच्या मनात धास्ती होतीच : आईचं शरीर तापलं, रक्त स्नायूंकडे वळलं, तर बाळाचं काय? अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 1985 मध्ये याच धास्तीपोटी मर्यादा घातली. नाडी मिनिटाला 140 च्या वर जाऊ नये आणि जोराचा व्यायाम 15 मिनिटांपेक्षा जास्त नको. या आकड्यांमागे पुरावा कमी आणि काळजी जास्त होती. 1994 मध्ये ती नाडीची अट गेली.

दरम्यान 1990 मध्ये डॉ. जेम्स क्लॅप यांनी व्यायामाची चांगली सवय असलेल्या 131 बायकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. 87 जणींनी गरोदरपणात व्यायाम चालू ठेवला, 44 जणींनी सोडला. सिझरचं प्रमाण पहिल्या गटात 6 टक्के, दुसऱ्यात 30 टक्के. हे आकडे आजही सगळीकडे फिरतात, पण ते जपून वाचायला हवेत. कोणी चालू ठेवायचं आणि कोणी सोडायचं हे त्या बायकांनीच ठरवलं होतं. जिला त्रास होत होता तिनेच सोडलं असणार.

चिठ्ठ्या टाकाव्यात तसे गट पाडून नंतर चाचण्या झाल्या, तेव्हा चित्र सौम्य झालं. 2016 मध्ये नऊ चाचण्यांतल्या 2,059 बायकांची माहिती एकत्र केली गेली. सिझर व्यायाम न करणाऱ्यांत 22 टक्के, तर करणाऱ्यांत 17.9 टक्के झालं, आणि अपुऱ्या दिवसांची बाळंतपणं वाढली नाहीत. माझ्या लेखी यातला दुसरा निष्कर्ष मोठा, कारण वर्षानुवर्षांची भीती तीच होती. स्पेनमधल्या 2018च्या एका चाचणीत व्यायाम करणाऱ्यांच्या कळांचा काळ सुमारे तासाभराने कमी भरला. पण 2019 मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी बऱ्याच चाचण्या एकत्र पाहिल्या, तेव्हा कळांच्या काळात आणि सिझरमध्ये फरक सापडला नाही. चिमटा किंवा व्हॅक्यूम लावण्याची वेळ मात्र कमी आली. म्हणजे व्यायाम केला की नॉर्मल होणारच, अशी हमी कुणालाही देता येत नाही, आणि सिझर झालेल्या मुलीला 'तू हललीच नाहीस' म्हणण्याचा हक्कही कुणाला पोहोचत नाही.

आणखी एक समज होता, की लघवी रोखताना आवळतात ते स्नायू व्यायामाने घट्ट झाले तर बाळाची वाट अडेल. नॉर्वेतल्या 2004च्या चाचणीत उलटं दिसलं. ते स्नायू कमावलेल्या 24 टक्के जणींचा जोर देण्याचा टप्पा लांबला, इतरांमध्ये 38 टक्के.

आज जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला 150 मिनिटं मध्यम व्यायाम सांगते : बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही, इतपत दम लागावा. रक्तस्राव, खाली सरकलेली वार, टाका घातलेलं गर्भाशयाचं तोंड, वाढलेला रक्तदाब असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीही नाही.

माझ्या धाकट्या बहिणीच्या वेळी कळा सुरू झाल्या तेव्हा तिला पलंगावर उताणं झोपवलं होतं. रात्रपाळीची वयस्क सिस्टर आली, कागद पाहिले, बाळाचे ठोके ऐकले आणि म्हणाली, 'ऊठ बाळा, चाल.' सलाईनचा स्टँड ढकलत आम्ही दोघी बोळातून फेऱ्या मारू लागलो. कळ आली की ती खिडकीचा गज धरून वाकायची, ओसरली की पुन्हा चालायची. कळांच्या पहिल्या टप्प्यात उभं राहणाऱ्या, चालणाऱ्या बायकांचा तो टप्पा सरासरी 1 तास 22 मिनिटांनी कमी भरतो, असं पाच हजारांहून जास्त बायकांच्या माहितीवरून 2013 मध्ये मांडलं गेलं. ते मी नंतर वाचलं. त्या रात्री बोळात आठवत होते ते आत्रेय : मुसळ नको, चालणं असू द्या.