कापडाची अतिनील-रोधकता

कापड सूर्याचे अतिनील किरण किती अडवते, याचे माप. ते यूपीएफ (अल्ट्राव्हायोलेट प्रोटेक्शन फॅक्टर) या अंकाने सांगतात. यूपीएफ ५० म्हणजे कापडावर पडलेल्या किरणांचा पन्नासावा भाग, सुमारे २ टक्के, पलीकडे जातो. मात्र हा हिशोब करताना त्वचा अधिक भाजणाऱ्या किरणांना जास्त वजन देतात. या मोजणीचे पहिले मानक ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडने १९९६ मध्ये काढले. त्वचेचा कर्करोग तिथे फार आढळतो. मोजणी माणसाच्या अंगावर नव्हे, प्रयोगशाळेत कापडाच्या तुकड्यावर होते.

सर्वांत महत्त्वाची वीण. उभ्या-आडव्या धाग्यांमधल्या फटींतून किरण थेट आत येतात, त्यामुळे घट्ट विणीची डेनिम जवळजवळ सगळे अडवते, तर पातळ पांढऱ्या सुती टी-शर्टाचा यूपीएफ ५ ते ७ च्या आसपास भरतो. तोच ओला झाला की आणखी उतरतो: फटींत पाणी भरल्याने किरण विखुरण्याऐवजी आरपार जातात. अंगावर ताणून बसलेल्या कपड्याच्या फटी रुंदावतात. उलट, नवे सुती कापड पहिल्या धुण्यात आटते आणि त्याची रोधकता वाढते.

धाग्याची जातही पाहावी लागते. पॉलिस्टरच्या रेणूंतील बेंझिनची कडी अतिनील किरण शोषते. कापसात असे फारसे काही नाही; पण रसायनांनी पांढऱ्या न केलेल्या मांजरपाटात नैसर्गिक रंगद्रव्ये उरतात, म्हणून तो शुभ्र मलमलीपेक्षा सरस ठरतो. गडद रंगाचाही फायदा होतो, पण काळी जाळीदार ओढणी ती जाळीदारच. धुण्याच्या पावडरीतील चकाकी आणणारी द्रव्येही हे किरण शोषतात, हा तिचा जाहिरातीत न येणारा गुण.

उन्हाळ्यात हवेशीर वाटणारे कापड त्वचेला राखेलच असे नाही, ही यातली खरी अडचण. महाराष्ट्रात शेतावर राबणाऱ्या बाया साडीवर घरच्या पुरुषाचा पूर्ण बाह्यांचा शर्ट चढवतात. सैल, जाडसर आणि मनगटापर्यंत येणारा हा शर्ट या कामाला उत्तम. दुचाकीवर तोंडाला गुंडाळलेला स्कार्फ जॉर्जेटसारखा विरळ असेल, तर एकेरी पदर पुरत नाही. दुहेरी घेतला की एका थराच्या फटी दुसऱ्याने बऱ्याच झाकल्या जातात.