आलेखात पीक (उंचवटा) येत नाही? आधी थेंब मोजा
(औषध किंवा प्रदूषक मोजण्यासाठी इलेक्ट्रोडवर कार्बन नायट्राइड–नॅनोट्यूब पावडर लावणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

आमच्या पावडरीबद्दल येणाऱ्या बहुतेक फोनांचा सूर एकच असतो: करंटच्या आलेखातला पीक बुटका येतोय, बेसलाइन (त्याखालची रेषा) फुगलीय, बॅच खराब आहे का? तक्रारीची पावडर आम्ही मागवून घेतो आणि इथल्या इलेक्ट्रोडवर लावून बघतो. बहुतेक वेळा ती व्यवस्थित चालते, कारण चूक पावडरीत नसून लावलेल्या मात्रेत असते. लेप जाड झालेला असतो.

३ मिमी व्यासाच्या ग्लासी कार्बन (काचेसारखा गुळगुळीत कार्बन) इलेक्ट्रोडचं क्षेत्रफळ जेमतेम ०.०७१ चौरस सेंमी. १ मिलीत १ मिग्रॅ या द्रावणाचे ५ मायक्रोलिटर टाकले की त्यावर ५ मायक्रोग्रॅम माल बसतो, म्हणजे दर चौरस सेंमीला साधारण ७० मायक्रोग्रॅम. एवढं पुरतं. पण ‘जास्त माल, जास्त सिग्नल’ या हिशेबाने अनेक जण मिलीला ५ मिग्रॅ घेतात आणि १० मायक्रोलिटर सोडतात. ही मात्रा थेट दहापट झाली.

ती का चालत नाही, ते पाहा. ग्राफिटिक कार्बन नायट्राइड हा अर्धवाहक आहे, बँड गॅप साधारण २.७ इलेक्ट्रॉन व्होल्ट. अंधारात तो वीज फार कमी वाहू देतो. त्याचं काम वेगळं: नायट्रोजनने भरलेल्या पृष्ठभागावर औषधाचा किंवा प्रदूषकाचा रेणू धरून ठेवणं. इलेक्ट्रॉनची ने-आण नॅनोट्यूब करतात आणि म्हणूनच पावडरीत त्या घातलेल्या असतात. लेप पातळ असेल तर दोघांचं जमतं. जाड झाला की रेणू खोलवर पोहोचत नाही, इलेक्ट्रॉनची वाट लांबते, कपॅसिटिव्ह करंट (पृष्ठभाग नुसता भारित होण्याचा करंट) मात्र वाढत जातो आणि खरा पीक त्यात बुडतो. वाळताना भेगाही पडतात आणि तिसऱ्या-चौथ्या स्कॅनला (व्होल्टेज फिरवून करंट मोजण्याच्या फेरीला) लेपाचे तुकडे सेलमध्ये, म्हणजे मोजमापाच्या भांड्यात, तरंगताना दिसतात.

दुसरं कारण साध्या भूमितीचं. ३ मिमीच्या चकतीवर अर्धगोल थेंब धरला तर त्यात साधारण ७ मायक्रोलिटर मावतात. १० टाकले की थेंब कडेच्या टेफ्लॉनवर उतरतो, त्यात इथेनॉल असेल तर जास्तच. टेफ्लॉनवर गेलेला माल मोजमापाच्या कामाचा नाही आणि दर वेळी तो वेगवेगळ्या प्रमाणात जातो. तीन इलेक्ट्रोडचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत, त्याचं मूळ बरेचदा इथेच असतं.

लावायची पद्धत अशी. १० मिग्रॅ पावडर १० मिली पाणी-इथेनॉलच्या निम्म्या-निम्म्या मिश्रणात घ्या. माल वाचवायला २ मिग्रॅ तोलू नका, ०.१ मिग्रॅपर्यंत दाखवणाऱ्या काट्यावर त्यातच ५ टक्के चूक शिरते. बाथ सोनिकेटरमध्ये अर्धा तास ठेवा आणि पाणी तापू नये म्हणून बर्फ घालत राहा. प्रोब सोनिकेटर टाळा, त्याने नॅनोट्यूब तुटतात आणि टोकाचं टायटॅनियम झिजून द्रावणात उतरतं. इलेक्ट्रोड १, मग ०.३, मग ०.०५ मायक्रॉनच्या अॅल्युमिनावर इंग्रजी आठच्या आकारात फिरवून घासा, प्रत्येक टप्प्यानंतर धुवा आणि शेवटी दोन-तीन मिनिटं, त्याहून जास्त नाही, सोनिकेट करा.

पावडर लावण्याआधी कोरा इलेक्ट्रोड तपासा. हा टप्पा सर्रास गाळला जातो. ०.१ मोलर पोटॅशियम क्लोराइडमध्ये ५ मिलिमोलर फेरीसायनाइड (इलेक्ट्रोड तपासायचं नेहमीचं संयुग), स्कॅनचा वेग सेकंदाला ५० मिलिव्होल्ट: जाता-येताच्या दोन पीकमधलं अंतर ८० मिलिव्होल्टच्या आत आणि पीक करंट ५५ ते ६० मायक्रोअँपिअरच्या आसपास यायला हवा. अंतर १२० दाखवत असेल तर पुन्हा घासा. त्या पृष्ठभागावर कितीही चांगली पावडर लावली तरी दोष आमच्या नावावर जाणार, म्हणून हा आग्रह.

मग ५ मायक्रोलिटर मधोमध सोडा आणि वर बीकर उपडा घालून वाळू द्या. हेअर ड्रायर नको, वाऱ्याने थेंब एका बाजूला सरकतो. घाईने वाळवलेल्या थेंबाची गत सांडलेल्या चहासारखी होते: कडेला गडद वर्तुळ, मध्ये काहीच नाही. लेप वाळल्यावर भिंगातून पाहा. राखाडी धुरकट थर आणि त्यातून ग्लासी कार्बनची थोडी चकाकी दिसली तर मात्रा बरोबर. चकाकी पूर्ण झाकली गेली असेल तर पुसा आणि नव्याने सुरुवात करा. ४ मिमीच्या स्क्रीन प्रिंटेड इलेक्ट्रोडला याच हिशेबाने ९ मायक्रोलिटर लागतात.

आता नाफिऑनबद्दल, म्हणजे लेप धरून ठेवणाऱ्या पॉलिमरबद्दल. ५ टक्क्यांचं विकतचं द्रावण तसंच वापरू नका, दहापट पातळ करा. नाफिऑन ऋणभारित असतो, फेरीसायनाइडही ऋणभारित. म्हणून नाफिऑन लावून फेरीसायनाइडची चाचणी घेतली की पीक पडणारच, त्यात पावडरीचा काही दोष नाही. हीच गोष्ट डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाची: त्याचा पीकेए (ज्या पीएचला निम्मे रेणू प्रोटॉन सोडतात तो आकडा) ४ च्या आसपास, पीएच ७ ला तो ऋणभारित असतो आणि नाफिऑन त्याला दूर लोटतो. तिथे नाफिऑनऐवजी १ टक्का अॅसेटिक अॅसिडमधला ०.५ टक्के कायटोसान (धनभारित पॉलिमर) घ्या. प्रोमेथाझिनसारख्या धनभारित औषधाला मात्र नाफिऑन उत्तम. गिधाडं त्याने मरत असल्यामुळे २००६ साली जनावरांच्या डायक्लोफेनॅकवर देशात बंदी आली, तेव्हापासून ते मोजण्याच्या विषयाला मागणी आहे. म्हणून हा मुद्दा ठळक.

४-नायट्रोफिनॉल, क्लोरअॅम्फेनिकॉल अशा नायट्रो संयुगांचं रिडक्शन (इलेक्ट्रॉन घेणं) मोजताना द्रावणातून नायट्रोजन वायू १० ते १५ मिनिटं सोडल्याशिवाय स्कॅन घेऊ नका. उघड्या पाण्यात साधारण ०.२५ मिलिमोलर ऑक्सिजन विरघळलेला असतो म्हणजे २५० मायक्रोमोलर, आणि तोही व्होल्टेजच्या त्याच भागात रिड्यूस होतो. तुम्ही शोधताय १० मायक्रोमोलर! कोऱ्या बफरचा स्कॅन घेतला की खरं काय ते कळतं.

नदीचं पाणी, मुळा-मुठेचं असो की पंचगंगेचं, थेट सेलमध्ये ओतू नका. ०.४५ मायक्रॉनने गाळा, निम्मं बफर मिसळा आणि स्टँडर्ड अॅडिशन करा, म्हणजे त्याच नमुन्यात माहीत असलेली मात्रा थोडी थोडी घालून मोजा. शुद्ध बफरमधली कॅलिब्रेशन रेषा नदीच्या पाण्याला लावलेली आम्ही मान्य करत नाही, परीक्षकही करत नाहीत.

काही जण विचारतात की युरियापासून केलेला माल का देत नाही, त्याचं पृष्ठफळ जास्त असतं. असतं खरं. पण युरियात हाती येणारा माल थोडा आणि क्रुसिबलचं झाकण किती घट्ट बसलंय यावरही बॅच बदलते. आम्ही मेलामिन झाकलेल्या क्रुसिबलमध्ये मिनिटाला ५ अंशांनी चढवून ५५० अंशांवर चार तास ठेवतो. प्रत्येक बाटलीसोबत एक्सआरडी (क्ष-किरणांनी स्फटिकरचना तपासल्याचा आलेख) देतो: मोठा पीक २७.४ अंश कोनाजवळ, लहान १३ जवळ. तयार द्रावणही विकत नाही, कारण ते एका दिवसात खाली बसतं आणि गुठळ्या धरतं. तुम्ही केलेलं द्रावण त्याच दिवशी वापरा. दुसऱ्या दिवशी वापरायचंच असेल तर पुन्हा पंधरा मिनिटं सोनिकेट करा.

डिटेक्शन लिमिटची, म्हणजे किती कमी मात्रा ओळखता येईल याची, हमी आम्ही देत नाही. ती तुमच्या नॉइजवर, सेलवर आणि हातावर ठरते. कमी लावा असं सांगून आम्ही आमचाच खप कमी करतो, हे खरं आहे: मिलीला १ मिग्रॅ आणि ५ मायक्रोलिटर या हिशेबाने १०० मिग्रॅची बाटली वीस हजार लेपांना पुरते. ज्यांना मायक्रोपिपेटची भानगड नको, त्यांच्यासाठी आधीच लेप दिलेले स्क्रीन प्रिंटेड इलेक्ट्रोडही आहेत, मोजून ९ मायक्रोलिटरचे. पहिल्यांदा वापरणाऱ्यांनी तेच घ्यावेत, असं आमचं मत.

तक्रार करताना चार गोष्टी पाठवा: कोऱ्या इलेक्ट्रोडचा फेरीसायनाइड स्कॅन, कोऱ्या बफरचा स्कॅन, किती मिग्रॅ किती मिलीत घेतले आणि किती मायक्रोलिटर टाकले, आणि वाळलेल्या लेपाचा जवळून काढलेला फोटो. स्कॅन चित्र म्हणून नको, मूळ फाइल हवी. पावडरीत दोष निघाला तर दुसऱ्या बॅचची बाटली आम्ही आमच्या खर्चाने पाठवतो.