आयतू, दुमिंग आणि पाठीवर घेतलेला गाव

आमच्या वाड्यावर नारळ पाडायला यायचा तो पाडेली आयतू, आणि भल्या सकाळी सायकलचा भोंपू वाजवत पाव घेऊन यायचा तो पोदेर दुमिंग. या दोघांचं नाव एकच आहे, हे कळायला मला चाळिशी उजाडावी लागली.

कोकणीत रविवार म्हणजे आयतार, आदित्यवाराचं झिजलेलं रूप. त्या दिवशी जन्मलेला तो आयतू. पोर्तुगीजमध्ये रविवार म्हणजे दोमिंगो. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ ‘प्रभूचा’, म्हणून प्रभूचा वार. त्यावरून नाव दोमिंगुश, आणि गोव्याच्या तोंडात रुळून झालं दुमिंग. संत डोमिनिकच्या नावानेही ते ठेवतात, पण त्याच्या नावाचा अर्थ तरी वेगळा कुठे आहे? सोमो, बुधो, शुक्रो ही नावं अशीच वारांवरून पडलेली. पलीकडच्या आळीत पास्कोल, म्हणजे ईस्टरचा, आणि नाताल तर उघडच आहे. मूल कधी जन्मलं याची नोंद ठेवायला कागद नव्हता, तेव्हा लोकांनी ती मुलाच्या नावातच करून टाकली.

दुसरी रीत आजोबांचं नाव नातवाला देण्याची. साखवाळला जन्मलेले बौद्ध विद्येचे अभ्यासक धर्मानंद दामोदर कोसंबी, आणि त्यांचे गणिती व इतिहासकार चिरंजीव दामोदर धर्मानंद कोसंबी. नाव एक पिढी सोडून परत येतं. या दामोदररावांचं एक सूत्र आजही आनुवंशशास्त्रात वापरतात. गुणसूत्रावरची दोन जनुकं एकमेकांपासून किती लांब आहेत, हे मोजायला १९४४ साली त्यांनी ते मांडलं.

जनुकांचा विषय निघालाच आहे, तर आडनावांकडे वळू. आडनाव बापाकडून मुलाकडे जातं, आणि पुरुषाचं वाय गुणसूत्रही अगदी त्याच वाटेने जातं. त्यामुळे आडनाव हे शास्त्रज्ञांना फुकटात मिळालेलं रक्ताचं लेबल वाटलं तर नवल नाही. १८७५ मध्ये चार्ल्स डार्विन यांचे चिरंजीव जॉर्ज यांनी इंग्लंडमध्ये नवरा-बायकोचं माहेरचं-सासरचं आडनाव एकच असलेली लग्नं मोजली आणि त्यावरून सख्ख्या चुलत भावंडांची लग्नं किती होतात याचा अंदाज बांधला. (त्यांचे आई-वडील स्वतः आते-मामे भावंडं होती, तेव्हा प्रश्न घरचाच होता.) त्याच्या थोडं आधी फ्रान्सिस गाल्टन यांनी कोडं घातलं होतं: मोठमोठ्या घराण्यांची आडनावं नामशेष का होतात? १८७४ मध्ये हेन्री वॉटसन या धर्मोपदेशक गणितज्ञाबरोबर त्यांनी त्याचं गणित मांडलं. कुणाला चार मुलगे, कुणाला एक, कुणाला एकही नाही, हा सगळा नशिबाचा खेळ. सरासरी एका बापामागे एक किंवा त्याहून कमी मुलगे असले, तर आडनाव आज ना उद्या बुडणारच. सरासरी त्याहून जास्त असली, तरच ते तगण्याची आशा. वॉटसन यांनी शेवटी घोळ घातला आणि सगळीच आडनावं बुडणार असं उत्तर काढलं. पण तेच गणित पुढे अणुभट्टीतल्या साखळी प्रक्रियेला आणि साथीच्या रोगांना उपयोगी पडलं.

हे सगळं घेऊन जॉर्ज डार्विन गोव्यात उतरले असते, तर पहिल्याच दिवशी त्यांनी डोक्याला हात लावला असता.

१५१० मध्ये पोर्तुगीजांनी गोव्यातली तिसवाडी घेतली, १५४३ मध्ये बार्देश आणि साष्टी हे शेजारचे तालुके त्यांच्याकडे आले. बाप्तिस्मा घेणाऱ्याला नवं नाव मिळायचं आणि आडनावही. ते बहुधा धर्मपित्याचं किंवा पाद्रीचं असायचं. एकाच दिवशी पाण्याखाली डोकं धरलेली, एकमेकांशी काडीचा संबंध नसलेली घरं एका आडनावाची झाली, आणि सख्ख्या भावांनी वेगवेगळ्या वेळी बाप्तिस्मा घेतला तर ते दोन आडनावांचे. म्हणून गोव्यात फर्नांडिसने फर्नांडिसशी लग्न केलं, तर त्यावरून रक्ताचं काहीही ठरत नाही. रक्ताचा हिशेब होता तो कोमुनिदादीच्या, म्हणजे गावची जमीन सामाईक सांभाळणाऱ्या संस्थेच्या वहीत. तिथे गांवकार, म्हणजे गावच्या मूळ घराण्यांतले वाटेकरी, वांगडांमध्ये, म्हणजे कुळांमध्ये विभागलेले, आणि वांगड चालतो बापाकडून मुलाकडे. गांवकारीच्या चालीरीती पोर्तुगीजांनी १५२६ मध्येच लिहून घेतल्या होत्या. आनुवंशशास्त्राच्या विद्यार्थ्याने गोव्यात आडनाव विचारू नये, वांगड विचारावा.

बरं, हे झालं राहिलेल्यांचं. जे गाव सोडून गेले त्यांचं काय? वेर्णेकर, लोटलीकर, कुडतरकर, हळदणकर ही आडनावं पाहा. वेर्णे, लोटली, कुडतरी ही साष्टीतली गावं, हळदोणे बार्देशातलं. पण वेर्ण्यात राहणाऱ्याला वेर्णेकर कोण म्हणणार? तिथे सगळेच वेर्ण्याचे. ‘कर’ लागतो तो गाव सोडल्यावर, दुसऱ्या गावच्या लोकांनी हाक मारताना. सगळेच ‘कर’ धर्मांतराच्या धास्तीने निघाले असं नाही. कुणी पोटासाठी गेले, कुणी वतनासाठी. पण जुन्या काबिजादीतल्या, म्हणजे पोर्तुगीजांनी आधी घेतलेल्या मुलखातल्या गावांची ही आडनावं फोंड्यात, कारवारात आणि मुंबईत भेटतात, तेव्हा त्यांतल्या बऱ्याच जणांची वाट त्याच सोळाव्या शतकातून आलेली असते. राहिले त्यांनी दुसऱ्याचं आडनाव घेतलं, गेले त्यांनी गाव पाठीवर घेतला.

देवही गेले. कुशस्थळीचा मंगेश १५६० मध्ये नदी ओलांडून प्रियोळला आला आणि त्याच्या नावाने त्या जागेला मंगेशी म्हणू लागले. तिथे १९०० साली जन्मलेल्या दीनानाथांनी गावावरून मंगेशकर हे आडनाव लावलं. म्हणजे देवाने घर बदललं, त्यावरून गावाचं नाव, गावावरून आडनाव. त्यांच्या थोरल्या मुलीचं पाळण्यातलं नाव हेमा. वडिलांच्या नाटकातल्या लतिकेवरून पुढे ती लता झाली.

अर्थाला हात घातला, की ही दोन्हीकडची आडनावं फारच जवळची निघतात. सोझा ही पोर्तुगालच्या उत्तरेतली नदी, तेव्हा डिसोझा म्हणजे सरळ ‘सोझकर’. ब्रागांझा हेही गावच. लोबो म्हणजे लांडगा, आपले लांडगे. माशादो म्हणजे कुऱ्हाड, आपले कुऱ्हाडे. पिंटो म्हणजे कोंबडीचं पिल्लू. फर्नांडिस म्हणजे फर्नांडोचा मुलगा. आणि ज्यांचं शव जुन्या गोव्यात आहे त्या फ्रान्सिस झेवियरांचं ‘झेवियर’ हे बास्क भाषेतल्या ‘नवं घर’ या शब्दांवरून आलेलं त्यांच्या गढीचं नाव. मराठीत ते नवघरे झाले असते.

आता नावांच्या फॅशनबद्दल. माझ्या पुतणीचा जन्म हस्ताच्या तिसऱ्या चरणावर. २७ नक्षत्रं, प्रत्येकाचे ४ चरण, म्हणून १०८ अक्षरं, आणि तिच्या वाट्याला आलं ‘ण’. भाऊ-वहिनींनी दोन दिवस ‘ण’पासून नाव शोधलं, मग भटजींनीच ‘न’ चालेल म्हणून सुटका केली. आर्द्राच्या तिसऱ्या चरणावर ‘ङ’ येतो, तेव्हा तशी ती सुदैवीच. एवढं करून तिच्या वर्गात नावं कुठली? आरव, आरोही, आर्या, आरुष.

आईबाप म्हणतात, आम्ही वेगळं नाव शोधलं. मॅथ्यू हान आणि अलेक्झांडर बेंटली यांनी २००३ मध्ये अमेरिकेतल्या विसाव्या शतकातल्या बाळांच्या नावांच्या याद्या तपासल्या. थोडी नावं अफाट लोकप्रिय आणि बाकीची असंख्य दुर्मीळ, हे चित्र त्यांना अगदी साध्या नियमाने उभं करता आलं: लोक एकमेकांची नावं उचलतात, आणि अधूनमधून कुणीतरी नवं काढतो. लहानशा बेटावरच्या प्राण्यांत एखादं जनुक निव्वळ योगायोगाने पसरतं, त्याचंच हे गणित. अर्थात सगळंच नशिबावर नसतं, कानही आपली निवड करतो. २००५ च्या कतरिना वादळानंतर ‘क’ ध्वनीने सुरू होणारी नावं तिथे ९ टक्क्यांनी वाढली. वादळाच्या नावावरून मुलाचं नाव कोण ठेवणार? पण तो ध्वनी महिनोन् महिने कानांवर आदळत होता. आपला ‘आ’ असाच कुठूनतरी कानांत शिरलेला.

पुतणीच्या बाई तीन आरवांना आडनावाने हाक मारतात. दुमिंगच्या पावाच्या वहीत नेमकं उलटं होतं. फर्नांडिस लिहून उपयोगच नव्हता, कारण निम्मी गिऱ्हाइकं तीच. म्हणून तो लिहायचा: बांयकडचो, म्हणजे विहिरीजवळचा. तारवटी, म्हणजे बोटीवर गेलेला. आणि ज्याचा आजा नैरोबीला नोकरी करून परतला होता, त्याच्या नातवालासुद्धा, जो कधी मडगावच्या पलीकडे गेला नव्हता: आफ्रिकार.