योत्सुमे तोजी

योत्सुमे तोजी ही जपानमधील पारंपरिक पुस्तकबांधणीची सर्वांत रूढ पद्धत. ‘योत्सुमे’ म्हणजे चार डोळे, इथे चार छिद्रे. ‘तोजी’ म्हणजे बांधणी. चीनमध्ये मिंग राजवटीत रुळलेली ही रीत जपानने उचलली आणि एदो काळात (१६०३–१८६८) तिथली बहुतेक छापील पुस्तके अशीच बांधली गेली. कोरियात मात्र पाच छिद्रांची चाल पडली.

ही बांधणी समजून घ्यायची तर आधी पान पाहावे. कागद मधोमध दुमडतात. घडी बाहेरच्या, म्हणजे बोटाने पान उलटतो त्या कडेला येते आणि सुट्या कडा शिवणीकडे जातात. त्यामुळे प्रत्येक पान आतून पोकळ राहते. म्हणूनच या रचनेला फुकुरो तोजी, म्हणजे ‘पिशवी-बांधणी’ म्हणतात. यामागे छपाईचे कारण आहे. शाई लावलेल्या लाकडी ठशावर कागद ठेवून तो मागून घासत असत. कागद पातळ, शाई पलीकडे दिसायची, म्हणून छपाई एकाच बाजूला होई आणि कोरी बाजू घडीच्या आत लपे. लेखन उभे, उजवीकडून डावीकडे. त्यामुळे मुखपृष्ठ समोर धरले की शिवण उजव्या हाताला येते.

कागद वाशी, म्हणजे जपानी हातकागद. तो कोझो, मित्सुमाता किंवा गाम्पी या झुडपांच्या सालीपासून करतात. कोझोचे तंतू लांब असल्याने कागद पातळ असूनही चिवट राहतो. सेकिशू-बान्शी, होन-मिनोशी आणि होसोकावा-शी या तीन कागदांच्या कारागिरीला २०१४ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान मिळाले. यंत्रावरच्या कागदावर शिकणाऱ्याने तंतूंची दिशा कण्याला, म्हणजे शिवणीच्या कडेला, समांतर ठेवावी; ती आडवी गेली तर पाने ताठ राहतात आणि पुस्तक नीट उघडत नाही.

नवशिक्याचे लक्ष साहजिकच बाहेरच्या रेशमी दोऱ्याकडे जाते. पण पुस्तकाला पहिली पकड देतो तो कागद, कोयोरी. वाशीची अरुंद पट्टी तिरकी धरून अंगठा आणि तर्जनीत वळायची; देवापुढची वात वळावी तसेच, फक्त पीळ इतका घट्ट की टोक सुईसारखे उभे राहिले पाहिजे. दुमडलेली पाने सारखी करून, दाबून, टोच्याने भोके पाडतात, त्यांतून हा पीळ ओवून गाठ मारतात आणि लाकडी हातोडीने ठोकून सपाट करतात. ही झाली नाकातोजी, आतली बांधणी. नंतर ती मुखपृष्ठाखाली झाकली जाते, म्हणून शिकताना पुष्कळजण ती गाळतात. गाळू नये. ती गाळली की शिवताना पाने सरकतात, आणि एकदा सरकलेली कड दोरा कितीही ओढला तरी जुळत नाही. जुन्या पुस्तकांचा बाहेरचा दोरा तुटून गेला तरी पाने विस्कटत नाहीत, ती या कागदी पिळामुळे.

यानंतर कण्याच्या वरच्या-खालच्या कोपऱ्यांना कापडाचे छोटे तुकडे, कादोगिरे, खळीने चिकटवतात आणि मुखपृष्ठे लावतात. मग शिवण. चारही छिद्रे कण्यापासून सारख्या अंतरावर, साधारण एक सेंटिमीटर आत असतात. पुस्तकाच्या उंचीच्या चौपट दोरा घेतला की पुरतो. सुरुवात मधल्या एका छिद्रापासून होते. दोऱ्याचे टोक पानांच्या आत दडवतात. प्रत्येक छिद्रापाशी दोरा कण्याला एक वेढा घालतो आणि पुढे जातो. कोपऱ्यावर कण्याचा वेढा झाला की त्याच छिद्रातून पुस्तकाच्या डोक्यावरून किंवा तळावरून आणखी एक वेढा, आणि मग परतीची वाट. परतताना आधी मोकळ्या राहिलेल्या जागा भरत जातात. कोपऱ्याच्या छिद्रातून सुई तीनदा जाते. तिसऱ्या वेळी धारदार टोक आधीच्या दोऱ्यात घुसते, तो फाटतो आणि पुढे ओढताच येत नाही. म्हणून बोथट टोकाची सुई बरी. प्रत्येक टाक्याला ताण द्यावा, सगळा शेवटासाठी ठेवू नये. शेवटची गाठ छिद्रात ओढून घेतली की दिसत नाही.

याच चार छिद्रांवर बाकीचे प्रकार उभे आहेत. कोपऱ्यांजवळ एकेक जादा छिद्र घेतले की कोकी तोजी होते. तिचे नाव चीनच्या कांग्शी सम्राटावरून (कारकीर्द १६६१–१७२२) पडले. किक्को तोजीत कासवाच्या पाठीची, तर असानोहा तोजीत ‘असा’च्या, म्हणजे भांगेच्या झाडाच्या, पानाची नक्षी उमटते. नक्षी दाट झाली तरी हाताची चाल तीच राहते, म्हणून चार छिद्रे आधी पक्की करावीत.

मेइजी काळात (१८६८–१९१२) खिळ्यांची, म्हणजे सुट्या अक्षरांच्या ठशांची, छपाई आणि दोन्ही बाजूंनी छापता येणारा कागद आला, तशी पिशवी-पानांची गरज सरली आणि पाश्चात्त्य बांधणीने जागा घेतली. जुन्या प्रतींची दुरुस्ती मात्र आजही याच रीतीने होते: दोरा कापून काढायचा, मुखपृष्ठ सोडवायचे, कीड लागलेल्या पानाला मागून पातळ वाशी चिकटवायची आणि त्याच जुन्या छिद्रांतून नवा दोरा घालायचा.